गुलमर्गचा ऑफ-पिस्ट स्की टूरिंग आठवडा: खानदेशातून येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारहून नाव नोंदवण्याआधी जे प्रश्न येतात, त्यांची ही उत्तरे. काही उत्तरे लांब आहेत, कारण तिथे चूक झाली तर ती महागात पडते. हॉटेलात गरम पाणी मिळते का वगैरे प्रश्न वगळले आहेत. (मिळते. पहाटे मात्र नळ गोठलेला असू शकतो.)

ऑफ-पिस्ट स्की टूरिंग म्हणजे नेमके काय?

यंत्राने दाबून सपाट केलेला, खुणा लावलेला उतार म्हणजे पिस्ट. त्याबाहेरचा, कुणीही न दाबलेला बर्फ म्हणजे ऑफ-पिस्ट. टूरिंगमध्ये त्या उतारावर स्वतःच्या पायांनी चढायचे असते. स्कीच्या तळाला स्किन नावाची केसाळ पट्टी चिकटवतात. ती पुढे सरकते, मागे अडते. टाच मोकळी ठेवून पाय न उचलता सरकवत चढायचे, वर स्किन काढायची, टाच अडकवायची आणि उतरायचे. तीन तास चढून अर्ध्या तासात खाली, हा साधारण हिशेब. ज्याला चढण म्हणजे शिक्षा वाटते, त्याने पिस्टवरच स्की करावी. तिथेही मजा आहेच.

गुलमर्गच का?

गाव सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथून गोंडोलाचा (दोरावर चालणाऱ्या पाळण्यांचा) पहिला टप्पा कोंगडोरीला सुमारे ३,१०० मीटरवर नेतो आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळे) पीर पंजाल रांगेवर आदळले की इथे एका वादळात कमरेइतका बर्फ पडू शकतो. खाली बाबा रेशीच्या दर्ग्याकडे आणि द्रंग गावाकडे उतरणारे जंगल आहे. वर हवा बिघडली की तेच कामी येते. शिवाय या डोंगरावर स्कीच्या वाटेत हिमनदी नाही, त्यामुळे आल्प्ससारखे हिमभेगांसाठी दोर-हार्नेस वागवावे लागत नाही. पहिल्या टूरिंगसाठी एवढे सोपेपण पुरे.

मला स्की येत नाही. ट्रेकिंग मात्र खूप केले आहे. चालेल?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि उत्तर दर वर्षी हेच असते. सह्याद्रीतले पाय चढताना उपयोगी पडतील, उतरताना नाही. मऊ, खोल बर्फात वळता न येणारा माणूस दर दहा मीटरला पडतो. प्रत्येक वेळी उठायला दम जातो आणि बाकीचे पाचजण थंडीत, कधी धोकादायक उताराखाली, त्याची वाट पाहत उभे राहतात.

आधी एक बेसिक कोर्स करा. गुलमर्गमध्येच भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आहे. पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूट आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था यांचेही स्की कोर्स असतात. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडळ विकास निगमाचे कोर्स आहेत. बेसिकनंतर निदान आणखी एक हंगाम पिस्टवर घालवा. मध्यम उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून, न थांबता, दोन्ही बाजूंना सारखी वळणे घेता आली आणि तीव्र उतारावर आडवे घसरत उतरता आले, की या आठवड्याचा विचार करा. दुसऱ्या दिवशी गाईड प्रत्येकाला पिस्टवर उतरवून पाहतो. त्यात जो कमी पडेल त्याला तो आठवडा पिस्टवर शिकवणीत घालवावा लागतो. भिडेखातर कुणाला वर नेत नाहीत.

कधी यावे?

कोरडा, हलका बर्फ हवा असेल तर जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीची अखेर. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरचे कडाक्याचे ४० दिवस, २१ डिसेंबरला सुरू होऊन ३० जानेवारीला संपतात. त्यानंतर चिल्लई खुर्दचे २० दिवस. मार्चमध्ये दिवस मोठा, थंडी कमी, पण दुपारी बर्फ ओला व जड होतो. म्हणून पहाटे निघून बाराच्या आत उतरावे लागते.

शेतकरी मंडळी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरतात. तोवर कापूस बहुतेक घरात आलेला असतो आणि हरभरा-गव्हाची काढणी अजून दूर असते.

बर्फाची हमी मात्र कुणी देत नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते. २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला भाग फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला.

खानदेशातून कसे पोहोचायचे?

झेलम एक्सप्रेस जळगाव आणि भुसावळहून थेट जम्मूकडे जाते. दुसरा मार्ग भुसावळहून दिल्लीला रेल्वेने आणि पुढे श्रीनगरला विमानाने. नंदुरबारकरांना सुरतहून विमान गाठणे सोयीचे. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वेही धावते. जम्मू-श्रीनगर महामार्ग बर्फाने किंवा दरडीने बंद झाला की तिचा मोठा आधार होतो.

श्रीनगरहून तंगमर्गपर्यंत साधी गाडी जाते. शेवटच्या १३ किलोमीटरच्या घाटाला बर्फ असला की चाकांना साखळ्या किंवा चारही चाके ओढणारी गाडी लागते, आणि ती तंगमर्गला बदलावी लागते. स्की लांब असतात, म्हणून टपावर कॅरिअर आहे का ते आधीच विचारा.

परतीचे तिकीट काढताना श्रीनगर आणि दिल्ली यांच्यात एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. बर्फाने किंवा धुक्याने विमान रद्द होणे तिथे नेहमीचे आहे. दिल्लीची गाडी चुकली की लग्नसराईत भुसावळचे दुसरे आरक्षण मिळता मिळत नाही. श्रीनगर विमानतळावर तपासणीचे टप्पे जास्त आहेत, तेव्हा उड्डाणाच्या तीन तास आधी पोहोचा.

खानदेशात राहून तयारी कशी करायची? इथे ना बर्फ, ना थंडी.

पायांची तयारी इथे उत्तम होते. बारा आठवडे धरा. आठवड्यातून दोनदा लांब, संथ दम. लळिंगचा किल्ला, पाटणादेवीहून कण्हेरगड, तोरणमाळचा घाट, जे जवळ असेल ते. पाठीवर पाच किलोने सुरुवात करून दहापर्यंत जा. तासाला ३०० ते ४०० मीटर उंची, बोलता येईल अशा दमाने, सलग तीन तास गाठता आली पाहिजे. डोंगर लांब असेल तर चार मजली इमारतीचा जिना चालेल. कंटाळवाणा आहे, पण काम करतो.

लोक विसरतात ते उतरणीचे स्नायू. उतरताना मांड्या सतत वाकलेल्या अवस्थेत भार घेतात. म्हणून आठवड्यातून दोनदा सावकाश उठाबशा, पायरीवरून एका पायाने हळूहळू खाली येणे, आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीच्या स्थितीत ६० ते ९० सेकंद बसणे. हे न केलेल्यांच्या मांड्या तिसऱ्या दिवशी संपतात, आणि गुडघ्याच्या बहुतेक दुखापती दमलेल्या पायांनी केलेल्या शेवटच्या उतरणीतच होतात.

उंचीची सवय मात्र इथे होणार नाही. तोरणमाळ ११५० मीटरच्या आसपास आहे, तेवढ्याने शरीरात काही बदलत नाही. त्यासाठी गुलमर्गमध्येच पहिले दोन दिवस कमी श्रमाचे ठेवतात.

सिकल सेलची तपासणी का मागता?

कारण सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांच्या आदिवासी भागात, सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक बरेच आहेत आणि अनेकांना ते माहीतच नसते. आजार असलेल्यांनी या उंचीवर येऊ नये. वाहक एरवी ठणठणीत असतो, पण उंचीवर प्राणवायू कमी, त्यात जोराचे श्रम आणि पाणी कमी प्यालेले, अशा वेळी प्लीहेचा रक्तपुरवठा अडून तिचा काही भाग मरू शकतो. डाव्या बरगड्यांखाली अचानक तीव्र दुखू लागणे, मळमळणे, ही त्याची खूण. बाहेरच्या डॉक्टरला हे पटकन सुचत नाही, म्हणून वाहक असाल तर गाईडला आणि सोबत्याला आधीच सांगून ठेवा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेत अनेकांना कार्ड मिळाले आहे. घरी असेल तर तेच पाहा. वाहक निघाल्यास यायचे की नाही हे रक्तविकारांच्या डॉक्टरशी बोलून ठरवा.

विरळ हवेचा त्रास झाला तर?

डोकेदुखी, भूक न लागणे, झोप न येणे: तिथेच थांबा, पाणी प्या, आणखी वर जाऊ नका. चालताना तोल जाणे, बसल्या जागी धाप, खोकल्यात फेस: ताबडतोब खाली, रात्र असली तरी. गोंडोला दहा-पंधरा मिनिटांत वर नेते, पण शरीर तेवढ्या वेगाने जुळवून घेत नाही. डायमॉक्स ही विरळ हवेच्या त्रासावरची गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ती गोष्ट त्यांना आवर्जून सांगा.

कपडे काय आणायचे?

कापसाच्या मुलखात हे सांगणे जिवावर येते, पण अंगाला लागून सुती काहीही नको. बनियन, मोजे, रुमाल, काहीच नाही. सुती कापड घाम धरून ठेवते आणि थांबलात की तोच घाम गोठवतो. आतला थर मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक, मधला पातळ फ्लीस, बाहेर वारा-पाणी अडवणारे जॅकेट आणि पँट. पिशवीत पिसांचे किंवा कृत्रिम भरणाचे जाड जॅकेट, ते फक्त थांबल्यावर घालायचे.

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पहिल्यांदा आलेला हमखास सगळे चढवून निघतो आणि वीस मिनिटांत भिजतो. हातमोजे दोन जोड: चढताना पातळ, उतरताना जाड. गॉगल उतरणीसाठी, चढताना श्रेणी ३ किंवा ४ चा काळा चष्मा. जळगावच्या उन्हाची सवय असलेल्यांनाही बर्फावरून परतणारे ऊन भाजते. नाकपुड्यांच्या आतल्या कडा आणि हनुवटीखालीसुद्धा सनस्क्रीन लावा.

साहित्य भाड्याने मिळते का?

साध्या स्की आणि बूट गुलमर्गमध्ये भरपूर मिळतात. टूरिंगचे साहित्य मोजकेच असते, म्हणून महिनाभर आधी माप कळवा. पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्या, चपलेचा नंबर नको.

एका माणसाला लागते ते असे: पायाखाली ९५ ते ११० मिलिमीटर रुंद स्की, पिन बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड), चालण्याची कळ असलेले बूट, स्कीच्या मापाने कापलेली स्किन, कडक बर्फासाठी स्की-क्रॅम्पॉन (स्कीखाली लावायचे दातेरी पाते), मोठ्या चकत्यांच्या काठ्या, हेल्मेट. शिवाय बीकन (गाडलेल्याचा ठाव लावण्यासाठी संदेश पाठवणारे व पकडणारे छोटे यंत्र), किमान २४० सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूच्या पात्याचे फावडे. या तिघांतले एक जरी नसेल तर गटाबरोबर निघता येत नाही. प्लास्टिकचे फावडे हिमस्खलनाच्या घट्ट ढिगाऱ्यात मोडते. एअरबॅग (हिमस्खलनात फुगवायची पाठपिशवी) ऐच्छिक. तिच्या गॅसच्या नळीसाठी विमान कंपनीची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.

बूट दुकानात निदान अर्धा तास घालून बसा. पुढे वाकल्यावर टाच वर उचलत असेल तर तो बूट मोठा आहे. दोन मोजे घालून भागवू नका, फोड त्यानेच येतात.

चढताना नेमके काय बिघडते?

बहुतेक वेळा स्किन. गोंदावर बर्फाचे कण बसले की ती सुटते. म्हणून वाऱ्यात स्किन काढताना दोन्ही टोके मध्याकडे दुमडून गोंद गोंदाला चिकटवा आणि जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेला ठेवा. पुन्हा लावण्याआधी स्कीचा तळ बाहीने कोरडा पुसा. तरीही सुटली तर रबरी स्की-पट्ट्याने स्कीभोवती आवळून तो दिवस निभावता येतो. असे दोन पट्टे प्रत्येकाकडे हवेत. उन्हातून सावलीत गेल्यावर स्किनखाली बर्फाचे गोळे धरतात आणि पाय मणाचा होतो. यावर उपाय मेणाची वडी, आणि ती सकाळीच घासायची.

दुसरे बाइंडिंग. बुटाच्या पुढच्या खाचांत बर्फ अडकला की पिन नीट बसत नाही आणि स्की मध्येच निसटते. काठीच्या टोकाने खाच साफ करा, पाय दोन-तीनदा झुलवा, मग पुढची कळ चालण्यासाठी कुलूपबंद करा. उतरण्याआधी तीच कळ मोकळी करायला विसरलात तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळतो. बाइंडिंग किती जोराला सुटावे हा आकडा वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य पाहून तंत्रज्ञ लावतो. शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लावू नका.

तिसरे वळण. तीव्र उतारावर नागमोडी चढताना टोकाला किक टर्न (उभ्या जागी एकेक स्की उचलून उलट दिशेला वळणे) घ्यावा लागतो. तो आधी सपाटीवर, मग २० अंशांवर, दोन्ही बाजूंनी घोटून घ्या. वाटेतले निम्मे पडणे इथलेच असते.

हिमस्खलनाचा धोका खरोखर किती असतो?

अफरवटवर माणसे मेली आहेत. फेब्रुवारी २०१० मध्ये लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीतले १७ जवान गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीपटू, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन.

माणसाला पुरणारी बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, आणि स्कीला सर्वांत गोड उतारही तोच. बर्फ थरांनी साठतो. हंगामाच्या सुरुवातीला थोडा बर्फ पडून मग कोरडी थंडी टिकली की तळचा थर सुट्या, टोकदार दाण्यांचा होतो. त्यावर पुढच्या वादळाची घट्ट लादी बसते. सांडलेल्या ज्वारीवर पाट ठेवावा तशी ती लादी असते, आणि एका माणसाचे वजनही तिला पुरते. वारा वेगळे काम करतो: एका बाजूचा बर्फ उचलून धारेपलीकडे जाड थर रचतो. म्हणून आकाश निरभ्र, ऊन छान, पण काल रात्री वारा सुटला होता, असा दिवस फसवा असतो.

रोज सकाळी गाईड चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संस्थेचा अंदाज पाहतो. त्यात जिल्हावार आणि अमुक मीटर उंचीच्या वर किती धोका, असे दिलेले असते. तो सबंध जिल्ह्याचा असतो, तुमच्या उताराचा नसतो. म्हणून ताजा बर्फ किती, वारा कुठून, शेजारच्या उतारावर नुकतीच काही घसरण दिसते का, पायाखाली ‘धप्प’ असा आवाज येऊन बर्फ बसतो का, हे जागेवर पाहिले जाते. धप्प ऐकू आले की तीव्र उतार त्या दिवसापुरता संपला. यावर वाद चालत नाही. संशयाच्या उतारावर एकेकाने जायचे, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून पाहायचे.

कोणी गाडला गेला तर?

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात, पुढे शक्यता झपाट्याने घसरते. गावातून मदत येईपर्यंत तेवढा वेळ निघून जातो. म्हणजे वाचवणारे तुम्हीच.

शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांनी धरून ठेवा. पुन्हा घसरण होणार नाही ना, ते पाहा. उरलेल्या सर्वांनी बीकन शोधण्याच्या स्थितीत घ्यायचे. एकाने जरी पाठवण्याच्या स्थितीत ठेवला तर सगळे त्याच्याकडेच धावतात. संदेश मिळेपर्यंत वेगाने, आकडा ३ मीटरच्या खाली आला की बीकन बर्फाला टेकवून सावकाश. सर्वांत लहान आकड्यापासून २५ सेंटिमीटरच्या अंतराने गोल फिरत प्रोब खुपसा. प्रोब माणसाला लागला की तो काढू नका, तसाच राहू द्या. त्याच्या खालच्या, उताराकडच्या बाजूने, खोलीच्या दीडपट अंतरावरून आडवे खणत आत शिरा. उभा खड्डा खणणे ही नेहमीची चूक. आधी तोंड-नाक मोकळे करा, श्वास नसेल तर आधी पाच श्वास द्या, मग छातीवर दाब. ११२ ला फोन खणणाऱ्यांपैकी कुणी करायचा नाही, मोकळ्या माणसाने करायचा.

याचा सराव पहिल्या दोन दिवसांत प्रत्येकाकडून करून घेतला जातो, पुरलेली पिशवी शोधून. बीकनमध्ये अल्कलाइन सेल घाला. उत्पादकाने सांगितले नसेल तर रिचार्जेबल नको. मोबाइल बीकनपासून पाठवताना २० आणि शोधताना ५० सेंटिमीटर लांब ठेवा.

गोंडोला बंद असेल तर दिवस वाया?

वाऱ्याने किंवा मोठ्या हिमवृष्टीनंतर दुसरा टप्पा दोन-दोन दिवस बंद राहतो. तेव्हा बाबा रेशीच्या जंगलात दाट झाडांमधून, ३० अंशांच्या आत, स्किन लावून फेऱ्या होतात. खरे सांगायचे तर अनेकांचा सर्वांत चांगला दिवस तोच ठरतो. झाडाभोवती बर्फाची पोकळ विहीर होते, म्हणून बुंध्यापासून लांब राहा आणि जोडीदार नजरेआड होऊ देऊ नका. ‘अफरवटला नेण्याचे कबूल केले होते’ हा आग्रह मात्र चालणार नाही. नियंत्रण रेषा जवळ असल्याने काही बाजू सुरक्षा दल अचानक बंद करतात. तिथे त्यांचा शब्द शेवटचा.

सॅटेलाइट फोन आणू का? साधा फोन चालतो का?

सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट संदेशयंत्र परवान्याशिवाय भारतात बाळगणे गुन्हा आहे आणि विमानतळावर पकडले जाते. परदेशातल्या भावाने दिलेले असले तरी घरी ठेवा. ड्रोनही नको. जम्मू-काश्मीरबाहेरचे प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागते. फोन आतल्या खिशात ठेवा, नाहीतर ४० टक्के बॅटरी असतानाही तो बंद पडतो.

खायला घरचे काय आणावे?

दशमी. दुधात भिजवलेल्या पिठाची, तूप लावलेली. थंडीतही चावते आणि चार दिवस टिकते. सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, डिंकाचे लाडू, सुकेळी. कळण्याची भाकरी वर दगड होते, ती हॉटेलात खा. ताजी केळी आणू नका. १३ अंशांखाली साल काळी पडते हे रावेर-यावलच्या माणसाला सांगायला नको. शेव चालते, पण मिठाने तहान लागते. दीड ते दोन लिटर गरम पाणी थर्मासमध्ये घ्या. नळीच्या पिशवीची नळी पहिल्या तासातच गोठते.

विमा?

हवाच. ‘ऑफ-पिस्ट’ आणि ‘गाईडसह’ हे दोन्ही शब्द पॉलिसीत आहेत का ते वाचा. साहसी खेळ म्हणून अनेक पॉलिसी यातून अंग काढून घेतात.

गाईडशी कोणत्या भाषेत बोलायचे?

हिंदीत. गटात अहिराणी खुशाल बोला, पण उतारावर ‘थांबा’, ‘एकेक’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ यांचे ठरवलेले हिंदी शब्दच वापरा. गोंधळ तिथेच होतो. गाईडला प्रमाणपत्र, हिमस्खलनाचे प्रशिक्षण आणि प्रथमोपचार यांबद्दल विचारायला संकोच नको. एका गाईडमागे सहापेक्षा जास्त माणसे असतील तर कारण विचारा.

घरी परतल्यावर साहित्याचे काय करायचे?

स्वतःचे असेल तर स्किन सावलीत वाळवा. मार्चच्या उन्हात भुसावळच्या गच्चीवर टाकलीत तर गोंद वितळून तळाला राप बसतो आणि नवा गोंद चढवावा लागतो. वाळल्यावर मधली जाळी घालून दुमडा आणि घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा, पत्र्याच्या खोलीत नको. स्कीच्या धातूच्या कडा कोरड्या पुसून मेणाचा जाड थर तसाच ठेवा, पुढच्या हंगामात खरवडा. बुटांचे आतले अस्तर काढून वाळवा, कळा सैल लावून ठेवा. बीकनमधले सेल काढून टाका. मे महिन्यात फुटलेला सेल डिसेंबरमध्ये सापडतो, तेव्हा यंत्र गेलेले असते.